मधली दोन बोटं

४ मार्च

चि. बारकी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला नकोत. आणि पन्नाशीला टेकलीस तरी तू बारकीच, हेही लिहायला नको.

आधी तुझ्या पत्रातली एक ओळ दुरुस्त करतो, मग बातमी सांगतो. ‘मानेची नस आखडली’ असं तू लिहिलं आहेस. आपल्या लोकांनी ‘नस’ हा शब्द पोत्यासारखा वापरला आहे, त्यात हवं ते कोंबायचं. रक्त नेते ती शीर. स्नायूला हाडाशी बांधते ती कंडरा. मेंदूचा निरोप नेते आणि परत आणते ती चेता. तुझा आखडला तो स्नायू. शेक घे. दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं मदतनीस म्हणून उभ्या राहिलेल्या बाईनं तरी असं ढोबळ लिहू नये.

आता बातमी. वैद्यकीय कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी चेतासंस्थेचा पुरुषभर उंचीचा तक्ता करायचं काम मला मिळालं आहे. नुसत्या चेता. रोहिण्या नाहीत, नीला नाहीत, आतडी नाहीत. मेंदू, मज्जारज्जू आणि तिथून फुटत फुटत बोटांच्या टोकांपर्यंत गेलेलं सगळं जाळं. असं काम आयुष्यात एकदाच येतं. शरीररचनेच्या सरांनी कामाच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘पेंटर’ लिहिलं आहे. असो. मी शाळा अर्ध्यात सोडली हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं दिसतं. मी वाचलेली पुस्तकं त्यांना कोणी सांगितली नाहीत.

तक्त्यात रोहिणी लाल, नीला निळी आणि चेता पिवळी ही जगभरची रीत. पण बाजारातला तयार पिवळा दोन वर्षांत मळक्या गवतासारखा होतो. माझा तसा नाही. पाट्या रंगवणाऱ्या म्हाताऱ्यानं दुकान बंद केलं तेव्हा त्याच्याकडून जुन्या पिवळ्या भुकटीचे डबे मी उचलले होते, आठवतं? ती भुकटी फरशीवर जवसाच्या तेलात काचेच्या गोट्यानं घोटायची. लोणी होईपर्यंत. मग कुंचल्याचं टोक ओठांत फिरवून काढायचं. फडक्यावर काढलेलं टोक जाड येतं आणि चेता सुतळीसारखी दिसते. ओठांवर काढलेलं टोक केसाएवढं.

माझी मुंगी दिवसभर शेजारी बसून काम करते. पोर आता पोर राहिलेली नाही, तरी कामाला बसली की तशीच जीभ बाहेर काढून बसते. तिची रेघ माझ्याहून स्थिर आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, डोक्यावर बसेल. तक्ता पुरा झाला की दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाखाली तिचं नाव चढवणार आहे.

दोघांचंही पोट अधूनमधून पिळवटतं. पाण्याचा दोष असावा. उकळून पितो आहोत.

तुझा,
दादा


१५ मार्च

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघा वाकत नाही, अर्ध्यावर समजून घे.

तुझं पत्र डॉक्टरीणबाईंनाही वाचून दाखवलं. स्नायू, कंडरा, चेता ऐकून त्या म्हणाल्या, “तुमच्या भावाला इथे बसवा आणि मला सुट्टी द्या.” आता फुगू नकोस.

मुंगीचं नाव पाटीवर! मग तिला सांगायचं नाही म्हणजे काय? बापानं कौतुक केलं तर पोरीच्या हाताला कंप सुटतो असं कुठल्या पुस्तकात आहे?

पण दादा, तू अजून कुंचला तोंडात घालतोस? लहानपणी टाक चाटायचास आणि जीभ निळी करून मला घाबरवायचास. आई म्हणायची, हा एक दिवस शाई पिऊन मरेल. आता पिवळं चाटतोस, आणि वर पोरीलाही तेच शिकवलंस? तो पिवळा कशाचा असतो? विचारून ठेव. पोट दुखतं ते पाण्यानं असेलही, पण पाणी सगळी गल्ली पिते, पोट तुम्हा दोघांचंच दुखतं का?

आणखी एक. रागावू नकोस. तुझं अक्षर मी ओळखते, शाळेत माझ्या वह्या तूच लिहून द्यायचास. पण या पत्रात प्रत्येक ओळ शेवटाला खाली उतरते. कागद उतारावर ठेवला होतास की काय?

आणि फोन उचलत जा. रेघ काढताना हात दचकतो म्हणून फोन बंद ठेवणारा तूच एक.

तुझी,
बारकी


२ एप्रिल

चि. बारकी,

तुझी नजर चांगली आहे, हे मान्य. ओळी उतरत होत्या. आता मनगटच उतरलं आहे.

घाबरू नकोस, आधी नीट वाच. गेल्या आठवड्यात काम करून थकलो आणि खुर्चीतच डोळा लागला. उजवा दंड खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. जागा झालो तो हात मनगटापासून लोंबकळत होता, वळचणीला टांगलेल्या फडक्यासारखा. बोटं मिटतात, मूठ वळते, पण मनगट आणि बोटं वर उचलत नाहीत. मी तिथल्या तिथे ओळखलं. अरीय चेता. ही बगलेतून निघते, दंडाच्या हाडामागच्या पन्हाळीतून वळसा घालते, कोपराच्या बाहेरून उतरते आणि हाताच्या मागच्या बाजूला पसरते. मनगट उचलणं, बोटं सरळ करणं, हे तिचं काम. त्या पन्हाळीत ती हाडाला चिकटून असते, म्हणून खुर्चीच्या पाठीनं दाबली गेली. असं दारू पिऊन बाकावर झोपणाऱ्यांना होतं. मला दारूशिवाय झालं, एवढाच फरक.

चेतांचे दोन प्रकार लक्षात ठेव. संवेदी चेता आत बातमी आणते, प्रेरक चेता बाहेर हुकूम नेते. मी अंगठ्याच्या मागे टाचणी टोचून पाहिली. सगळं कळतं. संवेदना शाबूत आहे याचा अर्थ चेता तुटलेली नाही, नुसती चेपली आहे. महिन्या-दोन महिन्यांत पूर्ववत होईल. डॉक्टरकडे जाऊन हेच ऐकण्यात काय हशील?

मनगटाखाली लाकडी पट्टी बांधली आहे. तिच्या आधारानं कोळशानं आखणी करता येते, हे पत्रही तसंच लिहितो आहे. कुंचल्याचं बारीक काम मात्र सगळं मुंगीवर पडलं. मी शेजारी बसून सांगतो, ती रंगवते. काल पाठीच्या कण्यालगतच्या गाठी तिनं अशा भरल्या की मला एक शब्द काढायला जागा ठेवली नाही. “बाबा, बोला ना काहीतरी, बरं वाटत नाही तुम्ही गप्प असलात की,” म्हणाली. मी म्हटलं, “टोक जाड आलंय.” आलं नव्हतं. तरी तिनं कुंचला परत ओठांत फिरवला.

तुझ्या पिवळ्याच्या प्रश्नाचं उत्तर: डब्यावरचं लेबल उडालं आहे, पण मला ठाऊक आहे. शिशाचा आहे. म्हणूनच टिकतो.

दादा


१० एप्रिल

ती. दादास,

मी दवाखान्याच्या पायरीवरून घसरले, गुडघा प्लास्टरमध्ये आहे. नाहीतर हे पत्र न लिहिता मीच आले असते.

तुझं पत्र डॉक्टरीणबाईंनी या वेळी स्वतः हातात घेऊन वाचलं. पहिल्यांदा हसल्या, मग ‘शिशाचा आहे’ या ओळीशी थांबल्या आणि परत वरपासून वाचायला लागल्या. मग मला म्हणाल्या, भावाला एवढं विचारा. हिरडीच्या कडेला, जिथे दात सुरू होतो तिथे, निळसर-काळी रेघ आहे का? डावा हातही सैल वाटतो का? आणि मनगट पडायच्या आधी मधलं बोट आणि त्याच्या शेजारची अनामिका, ही दोन आधी खाली यायला लागली होती का?

दादा, त्या म्हणतात शिसं अंगात साठतं. तोंडावाटे थोडं थोडं गेलं तरी साठतं. आणि ते प्रेरक चेता आधी धरतं. टाचणी टोचल्याचं कळतं, सगळं शाबूत वाटतं, आणि हुकूम मात्र पोचत नाही. तू जी खूण बरी समजतोस तीच त्यांना वाईट वाटते. आणि ते ज्या हातानं जास्त काम होतं त्याला आधी धरतं.

चेता कुठली हे तू अचूक सांगितलंस, असं त्या म्हणाल्या. खुर्चीचं तेवढं त्यांना पटत नाही.

रक्त तपासून घे. उद्याच. आणि कुंचला तोंडात घालणं बंद. तुझंही, मुंगीचंही. बाकी माझं काही ऐकू नकोस, एवढं ऐक.

बारकी


१९ एप्रिल

बारकी,

तुझ्या डॉक्टरीणबाई दात काढतात. त्यांनी दात काढावेत.

त्यांच्याच दवाखान्यात दाताचा फोटो काढताना माणसाच्या छातीवर शिशाचा जाड एप्रन घालतात की नाही? तूच घालतेस, तूच मला सांगितलं होतंस. का घालता? रक्षण व्हावं म्हणून. आणि मी चिमूटभर पिवळा लावला तर शिसं माझ्या चेता खातं! अंगावर रक्षण आणि ओठावर विष, हे कुठलं शास्त्र?

हिरडीवर रेघ आहे. असणारच. एवढी वर्षं रंगाचा कुंचला ओठांत धरतो, रंग हिरडीला बसला. ज्या माणसाच्या नखांत रंग असतो त्याची नखं काही आजारी नसतात. मधली दोन बोटं आधी सैल झाली होती हेही खरं, पण त्याचं कारण त्यांच्या चेतेच्या फांदीची लांबी. सविस्तर सांगत बसत नाही, तुला कळणार नाही.

तक्ता आता संपत आला. फक्त उजवा हात राहिला होता. नेहमीच्या तक्त्यात दोन्ही तळवे समोर असतात, मी उजवा हात उलटा घेतला आहे, तळवा खाली, म्हणजे अरीय चेतेचा पुरा पसारा दिसेल. ही माझी स्वतःची कल्पना. तो हात मी मुंगीला काढू दिला नाही. पट्टी बांधून मीच कोळशानं आखला, मुंगीचाच हात समोर धरायला लावून. तिची बोटं सारखी खाली यायची. “सरळ धर,” म्हणून दोनदा ओरडलो. मग म्हटलं, असू दे, जसा आहे तसा काढतो. मी पुस्तकातला हात काढत नाही, दिसतो तो काढतो. काल तिनं त्यावर पिवळ्या चेता चढवल्या. या हातासारखा हात कुठल्याही कॉलेजच्या भिंतीवर नसेल.

तक्ता पोचता होईपर्यंत तुझं दुसरं भाकीत पाठवू नकोस. आलं तर फोडणार नाही.

दादा


(त्याच पाकिटात, घडी घातलेली चिठ्ठी)

आत्या,

पाकीट चिकटवायचं आणि पोस्टात टाकायचं काम माझं, म्हणून ही आत सरकवते. तुमची पत्रं मी वाचते. पाटीचं मला केव्हाच कळलंय, त्यामुळे तू पोटात ठेवल्याचा आव आणू नकोस.

बाबांशी भांडू नकोस गं. त्यांना भाकरी मोडता येत नाही, मी मोडून ताटात ठेवते, तर म्हणतात “तुकडे मोठे झाले.” त्यांच्या तोंडून तेवढं तरी येतंय.

मी बरी आहे. पोट दुखतं तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन पडते, मग थांबतं. पेला दोन्ही हातांनी धरते. बाबांच्या लक्षात आलेलं नाही, त्यांचं सगळं लक्ष तक्त्यातल्या हाताकडे आहे. तक्ता गेला की सांगीन. आधी सांगितलं तर ते काम थांबवतील, आणि हे काम थांबलं तर बाबा राहत नाहीत. हे तुलाही माहीत आहे.

कुंचला तोंडात घालायचा नाही असं मी तीनदा ठरवलं. बाबांनी “टोक जाड आलं” म्हटलं की हात आपोआप तोंडाकडे जातो.

तुझी मुंगी


२५ एप्रिल

दादा,

नमस्कार-बिमस्कार काही नाही.

तू हे फोडणार नाहीस म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘मुंगीबद्दल’ असं लिहिलं आहे. आता तरी फोड.

तिची बोटं खाली का यायची, हे विचारलंस का? तू सगळ्या जगाला शब्द दुरुस्त करून देतोस. समोर बसलेल्या स्वतःच्या पोरीला एवढं विचारलंस का?

ती पेला दोन्ही हातांनी धरते. तिनं मला शपथ घातलेली नाही, पण घातली असती तरी मी मोडली असती.

मी फोन केला होता. ती “बरी आहे गं आत्या” म्हणाली आणि मागून तू ओरडलास, “काम चालू आहे.” ठेवला तिनं.

एप्रनचं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एप्रनमधलं शिसं रबरात बंद असतं आणि तो कोणी चाटत नाही. बास, एवढंच.

पोरीला माझ्याकडे पाठव. माझा पाय बांधलेला आहे, तिचे अजून चालतात.

बारकी


२ मे

बारकी,

हे पत्र डाव्या हातानं लिहिलं आहे. अक्षर लागायला वेळ लागेल, पण सगळं वाच.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी मी ते कपाटावर टाकलं. वरचा शब्द वाचला होता. वाटलं, मला फोडायला लावायची तुझी युक्ती आहे. ते आज फोडलं. त्याआधी काय झालं ते क्रमानं सांगतो.

तक्ता कॉलेजात पोचवला आणि दोन दिवसांनी परत आला. पोचवणाऱ्या माणसानं गुंडाळी दारात उभी केली आणि म्हणाला, “सरांनी खूण केलीय.” उलगडला. बाकी तक्त्यावर कुठेही शाईचा ठिपका नाही. फक्त उजव्या हाताभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, आणि शेजारी बारीक अक्षरात: ‘मधली दोन बोटे खाली झुकलेली आहेत. निरोगी हात असा नसतो. दुरुस्त करावे.’

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी खोटी रेघ काढलेली नाही, कधीच नाही. मुंगीला म्हटलं, “इकडे बस. त्यांना तुझ्या हाताचा फोटोच पाठवतो, शेजारी तक्ता ठेवून. कळू दे पेंटरला दिसतं की सरांना.”

ती म्हणाली, “बाबा, राहू द्या ना. मी बोटं पुन्हा रंगवते.”

“बस म्हटलं ना.”

ती बसली. खिडकीतून ऊन येत होतं, उजेड चांगला होता. मी सांगितलं, हात पुढे, तळवा खाली, बोटं सरळ. तर्जनी सरळ झाली. करंगळी सरळ झाली. मधली दोन तिथेच राहिली, तक्त्यात होती तशीच, तेवढीच वाकून. मी तक्त्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. फरक नव्हता. माझी आखणी अगदी बरोबर होती.

“सरळ कर.”

“बाबा, सरळच करतेय.”

मी माझ्या डाव्या हातानं ती दोन बोटं उचलली आणि सोडली. ती पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मुंगी माझ्याकडे पाहत नव्हती. मग टाचणी घेतली.

“टोचतंय?”

“टोचतंय की! हळू ना.”

संवेदी चेता शाबूत. महिन्यापूर्वी हेच स्वतःच्या हातावर पाहून तुला कळवलं होतं, आणि वर धीर दिला होता. माझ्या खुर्चीचं मी तुला सांगितलं. मुंगी खुर्चीत झोपत नाही. ती खाटेवर झोपते, उताणी, दोन्ही हात पोटावर.

“ओठ वर कर,” म्हटलं. तिनं केला. रेघ होती. माझ्या रेघेहून बारीक, केसाएवढी.

मग मी कपाटावरून तुझं पाकीट काढलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आत्यानं सांगितलंच शेवटी.” आणि रडण्याऐवजी हसली, म्हणाली, “पाटीवर आता दोघांची नावं डाव्या हातानं लिहावी लागतील बाबा.” तिच्या आजीवर गेली आहे.

पिवळ्याचा डबा झाकण ठोकून बंद केला आहे. फरशी धुतली. कुंचले सगळे तोडून टाकले, तोडताना माझं मनगट कामाचं नव्हतं म्हणून तेही तिनंच तोडले, गुडघ्यावर ठेवून.

सरांना उत्तर लिहिलं आहे: हात दुरुस्त होणार नाही, कारण तो बरोबर काढलेला आहे. अशा हाताला काय म्हणतात ते त्यांनी विद्यार्थ्यांना त्याच तक्त्यावरून शिकवावं. पैसे त्यांना वाटतील ते.

आता तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझ्याकडून एक विचार. हुकूम नेणारी चेता शिशानं धरली आणि शिसं थांबवलं, तर ती पुन्हा जागी होते का? तरुण माणसाची होते का? माझं सोड. माझ्या कपाटात या विषयावरची पुस्तकं आहेत, कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर सापडेल हेही साधारण ठाऊक आहे. काढायला हात जात नाही.

रक्त तिचं आधी तपासा. मी दुकानाला कुलूप लावून मागून येतो.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मुंगी निघेल, तिच्याकडेच देतो आहे. दारात ती तुला डाव्या हातानं देईल. तसंच घे. उजवा पुढे कर म्हणू नकोस.

दादा